माळव्याची अफू आणि फिरंगी निशाण

खानदेशाला समुद्र नाही. तापी नदी जळगाव-धुळ्याच्या काळ्या सपाट भूमीतून पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेजवळ सागराला मिळते खरी, पण तिच्या काठच्या शेतकऱ्याला जहाज, शीड आणि बंदर या गोष्टी परमुलखाच्याच वाटत आल्या. असे असूनही, परक्या राष्ट्राचे निशाण उभारून निषिद्ध माल थेट चीनच्या किनाऱ्यापर्यंत पोचविण्याचा जो उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम हिंदुस्थानात भरभराटीस आला, त्याचा खानदेशाच्या भूगोलाशी निकटचा संबंध आहे. कारण त्या मालाची मुंबईकडे जाणारी स्वाभाविक वाट याच प्रांतातून होती, ती सरकारने अडविली म्हणून निशाणांचा हा व्यवहार फोफावला, आणि ती वाट सरकारनेच पुन्हा मोकळी केल्यावर तो ओसरू लागला. रशिया, इराण व व्हेनेझुएला यांचे खनिज तेल वाहणारी जहाजे आज एका देशाची नोंदणी टाकून दुसऱ्या देशाची घेतात, हे वृत्तपत्रांत वाचताना ज्यांना हा प्रकार अभूतपूर्व वाटतो, त्यांनी माळव्याच्या अफूचा हा इतिहास अवश्य पाहावा.

वाट कोणती, ते आधी सांगितले पाहिजे. इंदुराहून दक्षिणेस निघालेला तांडा नर्मदा ओलांडून सेंधव्याच्या घाटाने सातपुडा उतरला, की पळासनेर, शिरपूर, सावळद्याजवळ तापीचा उतार, मग नरडाणा, सोनगीर, धुळे, आर्वी, झोडगे, मालेगाव, चांदवड आणि नाशिक असे मुक्काम करीत थळ घाटाने कोकणात उतरत असे. पुढे जो मुंबई-आग्रा रस्ता म्हणून प्रसिद्धीस आला, तो बहुतांशी याच जुन्या वहिवाटीवर बांधला गेला. लमाणांचे बैल, सावकारांच्या हुंड्या, घाटातील भिल्लांची रखवाली आणि परगण्यापरगण्याच्या जकात-चौक्या यांवर ही सारी रहदारी चाले.

६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्लेदाराला जनरल हिस्लॉपने फाशी दिले, मालेगावच्या किल्ल्यातील अरबांनी जूनपर्यंत झुंज दिली, आणि मग कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यास ठाणे करून प्रांताची व्यवस्था हाती घेतली. धुळे हे तेव्हा मोठे शहर नव्हते. मुलखाच्या मध्यावर आणि मुंबई-आग्रा वाटेवर असल्यामुळेच त्याची निवड झाली. परंतु साऱ्या खानदेशावर एकच अंमल बसला, असे मात्र नव्हे. चोपडे, यावल व पाचोरे हे महाल शिंद्यांकडेच राहिले आणि ते महाराजपूर-पन्नियारच्या लढायांनंतर, १८४३-४४ च्या घडामोडींत, इंग्रजांकडे आले. म्हणजे पंचवीस वर्षे आजच्या जळगाव जिल्ह्यात एका गावाची जकात कंपनीची आणि काही कोसांवरच्या दुसऱ्या गावाची शिंद्यांची, अशी स्थिती होती. शिवाराचा बांध ओलांडला की हाकीम बदले, आणि हाकीम बदलला की माल तोच राहूनही त्याचा कायदा बदले. समुद्रावर जे काम निशाण करते, ते येथे सरहद्दीचा दगड करीत असे.

आता अफूकडे वळू. बंगाल व बिहारच्या अफूची मक्तेदारी वॉरन हेस्टिंग्जने १७७३ मध्ये कंपनीकडे घेतली आणि शतकाच्या अखेरीस पाटणा व गाझीपूर येथील कोठ्यांमार्फत तिचे उत्पादनही कंपनीच्या देखरेखीखाली आले. चीनच्या बादशहाने १७२९ पासून या व्यसनाविरुद्ध फर्माने काढली होती. म्हणून कंपनी आपल्या जहाजांतून अफू नेत नसे. कलकत्त्यास तिचा जाहीर लिलाव होई, खाजगी व्यापारी ती विकत घेत आणि स्वतःच्या जोखमीवर कँटनकडे नेत. कंपनीच्या चहाच्या व्यापारावर शिंतोडा उडू नये, एवढी खबरदारी घेऊन पैसा मात्र तिच्याच खजिन्यात जमा होई. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत निंद्य वाटते ती ही सावधगिरी. अफूच्या पुढील सगळ्या युक्त्या, निशाणांच्या काय आणि कागदांच्या काय, या पहिल्या सरकारी युक्तीच्या पावलावर पाऊल टाकून आल्या.

माळव्यात मात्र शिंदे, होळकर व राजपूत संस्थानिकांच्या मुलखात पिकणारी अफू कंपनीच्या मक्त्याबाहेर होती. उज्जैन, इंदूर, रतलाम व मंदसोर येथील सावकार ती खरेदी करीत, आणि पश्चिम किनाऱ्यावरून ती चीनला गेली की पाटण्याच्या मालाशी स्पर्धा करी. ही स्पर्धा मोडण्यासाठी १८०३ पासून गव्हर्नर-जनरल वेलस्लीने मुंबई सरकारकडे तगादा लावला आणि थोड्याच काळात मुंबई व कंपनीच्या ताब्यातील इतर बंदरांतून माळव्याच्या अफूची निर्गत मना झाली. खानदेश हाती आल्यावर तर सातपुड्यापासून मुंबईपर्यंतची सरळ वाट कंपनीच्या अंमलाखाली आली, आणि त्यामुळेच व्यापाऱ्याला ती अधिक धोक्याची झाली.

माल थांबला नाही. तो वळसा घेऊन जाऊ लागला. एक वाट गुजरातेतील संस्थानांच्या मुलखांतून दमणकडे जाई. दुसरी याहून विलक्षण होती. दक्षिणेकडे समुद्र असताना अफूच्या पेट्या उत्तरेस मारवाडातील पालीकडे, तेथून जैसलमेरच्या वाळवंटातून सिंधमध्ये, कराचीला, आणि तेथून गलबतांनी पुन्हा दक्षिणेस दमणला येत. एवढा फेरा परवडत असे, यावरूनच नफ्याची कल्पना यावी. मार्गातील जप्तीची व लुटीची जोखीम सावकार विमा उतरवून वाटून घेत. माळव्यातील विम्याच्या व्यवहाराचे वर्णन सर जॉन माल्कमने आपल्या मध्य हिंदुस्थानाच्या वृत्तांतात केले आहे.

दमणमध्ये निशाणाचे काम सुरू होई. दमण पोर्तुगिजांचे, चीनच्या किनाऱ्यावरील मकावही पोर्तुगिजांचे. तेव्हा पोर्तुगीज कागदपत्र असलेल्या जहाजाला दोन्ही टोकांस आश्रय होता, आणि इंग्लंडच्या जुन्या मित्रराष्ट्राचे निशाण असल्यामुळे कंपनीच्या आरमाराला त्यावर हात टाकणे कठीण होते. या व्यापारातील भांडवल मात्र फारसे लिस्बनचे नव्हते. मुंबईचे मोतीचंद अमीचंद, जमशेटजी जीजीभाई आणि मूळचा गोव्याचा रॉजर द फारिया हे त्यातील अग्रणी होत. यांपैकी फारिया पोर्तुगीज प्रजाजन, आणि त्याच्या नावामुळे मुंबईचा पैसा दमणच्या जहाजावर विनाविघ्न चढू शकत असे. पैसा एका ठिकाणचा, माल दुसऱ्या, निशाण तिसऱ्या. आज ज्याला सोयीचे निशाण म्हणतात त्याची ही सर्व अंगे येथे आहेत.

हिंदी महासागराला हे अपरिचित नव्हते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज स्वतःच इतरांच्या जहाजांना पैसे घेऊन ‘कर्ताझ’ देत, आणि पुढे कान्होजी आंग्रे यांचे दस्तक कोकण किनाऱ्यावर त्याच कामाचे होते. १७८० च्या दशकात डॅनियल बील या इंग्रज व्यापाऱ्याने कँटनमध्ये राहण्यास कंपनीची मनाई असल्यामुळे प्रशियाच्या राजाची वकिलात मिळविली आणि त्या नात्याने तेथेच ठाण मांडले. राजसत्तेचे चिन्ह भाड्याने मिळू शकते, हे व्यापाऱ्यांना फार पूर्वीच उमगले होते.

कंपनीने प्रथम स्वतःच माळव्यात खरेदी करून पाहिली, मग १८२० च्या दशकात होळकर, उदेपूर, कोटा इत्यादी दरबारांशी करार करून लागवड व रहदारी आवळून पाहिली. शिंदे या बंधनात आले नाहीत. रयत व सावकार यांचा रोष वाढला, आणि दमणची निर्गत थांबली नाही. अखेर १८३० च्या सुमारास धोरण उलटे झाले. इंदुरात पेटीमागे १७५ रुपये भरून परवाना घ्यावा आणि माल थेट मुंबईस न्यावा, असे ठरले. खानदेशची वाट अफूला राजमान्य झाली.

या परवान्याच्या दराचा इतिहास मोठा बोलका आहे. दमणचा फेरा १७५ रुपयांहूनही काहींना स्वस्त पडतो असे दिसताच १८३५ मध्ये दर १२५ वर आणला गेला. १८४३ मध्ये सिंध जिंकून कराचीची वाट हाती येताच तो २०० झाला, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. म्हणजे सरकारने पट्टी ठरविली ती अफूच्या किमतीवरून नव्हे, तर चोरवाटेच्या खर्चावरून. आणि चोरवाट बंद होताच ती जवळजवळ सव्वातीन पट केली. मध्यंतरी १८३९ मध्ये कँटनजवळ लिन झेशूने वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या आणि त्यातून युद्ध पेटले, पण परवान्याच्या दराचा चढ त्याने थांबला नाही. सेंधव्याच्या घाटातून धुळ्याकडे येणाऱ्या गाड्यांची रहदारी पुढे लोहमार्ग आल्यावर घटली. भुसावळ-खांडवा मार्ग आणि त्यानंतर खांडव्याहून इंदूरकडे गेलेली होळकरांची रेल्वे यांनी माल ओढून घेतला. चीनला होणारी अफूची निर्गत १९१३ मध्ये संपली.

इतिहाससंशोधक राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे ज्या धुळ्यात काढली आणि जेथे १९२७ पासून त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे आहे, त्या शहरातील अभ्यासकांनी खानदेशच्या जकात-रहदारीच्या कागदांकडे या दृष्टीने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

निशाण बदलण्याची रीत विसाव्या शतकात पुन्हा मादक पदार्थामुळेच वाढली, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. अमेरिकेत दारूबंदी असताना १९२२ मध्ये ‘रिलायन्स’ व ‘रेझोल्यूट’ ही प्रवासी जहाजे पनामाच्या नोंदणीत गेली, कारण अमेरिकी निशाणाखाली उतारूंना मद्य देता येत नव्हते. १९४८ मध्ये लायबेरियाने आपला कायदा केला आणि पुढील वर्षी तिच्या पटावर आलेले पहिले जहाज तेलवाहूच होते. भर समुद्रात जहाजावर ज्याचे निशाण त्याचाच अधिकार, हा नियम १९८२ च्या सागरी कायद्यात कायम आहे. देश व जहाज यांच्यात खरा संबंध असावा, असेही तो कायदा म्हणतो, पण खरा म्हणजे किती, हे सांगत नाही. त्याच मोकळ्या जागेतून २०२२ नंतर निर्बंध आलेल्या रशियन तेलाचा व्यापार सरकला. त्या काळात मुंबईच्या उपनगरात कचेरी असलेल्या गतिक शिप मॅनेजमेंट या पेढीकडे अल्पावधीत पन्नासच्या आसपास टँकर गोळा झाले. सेंट किट्स-नेव्हिसने २०२३ मध्ये त्यांतील कित्येकांची नोंदणी काढून घेतली, तेव्हा अनेकांनी गॅबनचे निशाण घेतले. पुढे तर एस्वातिनी या समुद्रकिनारा नसलेल्या देशाचे नावही जहाजांवर झळकू लागले. डिसेंबर २०२५ मध्ये व्हेनेझुएलाजवळ अमेरिकेने पकडलेले ‘स्किपर’ गयानाचे निशाण लावून होते, आणि गयानाने ते आपले नसल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात ‘बेला-१’ या जहाजाने पाठलाग चालू असतानाच अंगावर रशियाचे निशाण रंगविले व ‘मरिनेरा’ हे नाव धारण केले. जानेवारी २०२६ मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये ते धरले गेले. नाव, रंग, मालक व निशाण बदलले तरी सांगाड्यावरील सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) क्रमांक मात्र जन्मभर तोच राहतो, आणि शोध घेणारे त्यावरूनच घेतात.

‘मरिनेरा’वर भारतीय खलाशीही होते. अफूच्या काळात दमणच्या जहाजांवरील खलाशांची नावे व्यापाऱ्यांच्या नावांप्रमाणे इतिहासात उरली नाहीत. आजच्या खलाशांची निदान मोजदाद होते. मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांच्या २०२४ सालच्या नोंदीत भारतीयांची संख्या सर्व राष्ट्रांत अधिक होती. पगार थकला, अन्न संपले, विमा खोटा निघाला, तर खलाशाने ज्या देशाचे निशाण असेल त्याच्याकडे दाद मागावी असा कायदा आहे. आणि निशाणच बनावट असेल, तर त्याचा अर्ज घेणारी कचेरी कोठेच नसते.