खाडीच्या चिखलातली कळ

मानखुर्द सोडून गाडी वाशीच्या पुलावर चढली आणि ओहोटी असली, की ठाणे खाडीचा चिखल उघडा पडलेला दिसतो. वर काही मिलिमीटर जाडीची तपकिरी साय, खाली काळाकुट्ट गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास. नाक दाबणारा प्रवासी सगळा दोष सांडपाण्याला देतो, पण तो अर्धाच खरा. गाळातला प्राणवायू संपला की तिथले जिवाणू नायट्रेटवर श्वसन करू लागतात. तेही सरलं की समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणाऱ्यांची पाळी येते, आणि त्यांनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड लोहाशी जुळून गाळ काळा करतो. तिवराच्या मुळांभोवती नि खेकड्यांच्या बिळांच्या कडेला मात्र तपकिरी रंग टिकतो, कारण तिथून प्राणवायू खाली पोचतो. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या या जागी ज्याला प्राणवायूसह आणि प्राणवायूविना अशा दोन्ही तऱ्हा जमतात, त्याचं बरं चालतं.

पाश्चरने 1861 मध्ये हवेविना जगणारे जीव दाखवले, तेव्हा ते नवल वाटलं. आजही बिनहवेचं जगणं आपल्याला अडचणीतली तडजोड वाटते. कुळ पाहिलं तर ते थोरलं आहे. हवेत प्राणवायू साठू लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी. जीवसृष्टी त्याच्याही आधीची. मग एका तऱ्हेवरून दुसरीवर जायची कळ कधीची? माझ्या मते ती दोन्हींपेक्षा धाकटी, कारण दोन पर्याय असल्याशिवाय निवडीला अर्थ नाही. इ. कोलाय या जिवाणूमधलं एफएनआर हे प्रथिन याला दुजोरा देतं. त्यात लोहाचे चार आणि गंधकाचे चार अणू असलेला पुंजका असतो. प्राणवायू लागताच तो मोडतो, प्रथिनाची जोडी सुटते, डीएनएवरची पकड जाते आणि बिनहवेच्या श्वसनाची जनुकं मंदावतात. हे प्रथिन साखरेच्या टंचाईत काम करणाऱ्या सीआरपीचं भावंड आहे. म्हणजे नियमनाचा साचा तयारच होता. त्यात गंजणारा पुंजका बसला.

प्राणवायूमुळे कित्येक पट ऊर्जा मिळते, मग जुनी तऱ्हा जपायची कशाला, असं कुणी विचारेल. तो नफा प्राणवायू असेपर्यंतच. म्हणून तर इ. कोलाय प्राणवायू मुबलक असताना एक ऑक्सिडेज, म्हणजे प्राणवायू वापरणारं विकर, कामाला लावतो आणि टंचाईत दुसरं, अधिक चिवट ओढीचं. दुसरा आक्षेप जड आहे: सल्फेटवाल्यांना प्राणवायू बाधतो, मग त्यांच्यात कळ कुठली? पण त्यांच्यातले बरेच जण प्राणवायूचं पाणी करून टाकतात. त्या जोरावर त्यांची वाढ सहसा होत नाही, म्हणून हा बचाव समजावा. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरात मिथेन बनवणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव तर या भानगडीत फारसे पडलेच नाहीत. आजूबाजूच्यांनी प्राणवायू खाऊन संपवला की त्यांचं काम सुरू होतं.