मधुमेहाचे दोन प्रकार : काशीच्या परंपरेपासून इन्सुलिनपर्यंत



वाराणसीचा दशाश्वमेध घाट मराठी माणसाला परका नाही. पेशव्यांनी अठराव्या शतकात तो बांधला व पुढे अहिल्याबाई होळकरांनी त्याची पुनर्बांधणी केली, असे सांगितले जाते. याच काशीशी सुश्रुतसंहिता हा ग्रंथ जोडलेला आहे. परंपरेनुसार काशीराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुत आणि इतर शिष्यांना केलेला उपदेश त्यात आहे. त्यातील मधुमेहाचा भाग आज आपण पाहू.

मी डॉक्टर नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात नियंत्रण प्रणाली शिकवतो. तरीही हा विषय निवडला, त्याला कारण आहे. माझ्या वर्गातील एका मुलाला टाइप १ मधुमेह होता. ‘आपल्या ग्रंथांत यावर उपाय आहे’ असे एका नातेवाइकाने सांगितल्यावर त्याने इन्सुलिन बंद केले. काही दिवसांतच त्याला अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. मुलगा वाचला. पण ग्रंथात नेमके काय लिहिले आहे, हे तोवर कोणीच वाचले नव्हते.

ग्रंथ काय सांगतो?

लघवीच्या विकारांना ‘प्रमेह’ म्हणून त्याचे वीस प्रकार मानले आहेत. मधुमेह त्यांपैकी एक. चरकसंहितेत अशा रोग्याच्या लघवीकडे मुंग्या येतात, अशी नोंद आहे. सुश्रुतसंहिता कारणांनुसार दोन गट करते : जन्मतः असलेला ‘सहज’ आणि चुकीच्या आहारविहारातून होणारा ‘अपथ्यनिमित्त’. पहिला रोगी कृश, सतत तहानलेला. दुसरा स्थूल, खादाड, बसून राहणारा.

उपचारही वेगळे. स्थूल रोग्याचा आहार कमी करावा. निर्धन रोग्याने पादत्राण व छत्रीशिवाय, भिक्षा मागत शंभर योजने चालावे. योजनाचे माप ग्रंथागणिक बदलते; ते बारा किलोमीटर धरले तर हे अंतर १,२०० किलोमीटर होते. पुण्याहून काशीयात्रेला पायी निघण्यासारखेच हे! मात्र कृश रोग्याला असे झिजवू नये, त्याला जपावे, असे ग्रंथ बजावतो. वेळीच उपचार न केल्यास सगळे प्रमेह शेवटी मधुमेहात बदलतात आणि असाध्य होतात, हेही त्यात आहे.

मग उणीव कुठे होती?

कृश रोग्याला जपायचे खरे, पण कशाने? याचे उत्तर १९२२ पर्यंत जगात कोणाकडेही नव्हते. १८८९ मध्ये फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढल्यावर त्याला मधुमेह झाल्याचे दाखवले. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी त्या ग्रंथीचा अर्क काढला. कॉलिप यांनी तो शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला तो टोचला आणि मरणाच्या दारातला मुलगा पुढे तेरा वर्षे जगला.

नियंत्रण प्रणालीच्या भाषेत सांगायचे तर स्वादुपिंड हा नियंत्रक आहे. तो रक्तातील साखर सतत मोजतो आणि तेवढेच इन्सुलिन सोडतो. टाइप १ मध्ये हा नियंत्रकच नष्ट होतो. तिथे चालणे आणि पथ्य इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाहीत. टाइप २ मध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि नियंत्रक हळूहळू थकतो. तिथे चालणे, आहार आणि औषधे यांचा मोठा उपयोग होतो.

‘सहज’ म्हणजे टाइप १ असे थेट समीकरण मात्र मांडू नका. टाइप १ बहुधा जन्मतः नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या पेशींवर उलटते. शिवाय कृश दिसणाऱ्यांनाही टाइप २ होतो. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. म्हणून ‘मी तर बारीक आहे’ या भरवशावर राहू नका.

आज काय घ्यावे, काय सोडावे?

कारण ओळखून उपचार ठरवणे, वेळीच सावध होणे आणि चालणे, हे घ्या. अनवाणी चालणे सोडा. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. उन्हाने तापलेल्या घाटाच्या पायऱ्यांवर भाजले तरी कळत नाही आणि जखम चिघळते.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक आली, तर डॉक्टरांकडे जा. इन्सुलिन घेणाऱ्या मित्राला अचानक घाम व थरथर सुटली, तर त्याची साखर ७० च्या खाली गेली असू शकते. तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या.

विचार करा

१. कृश आणि स्थूल रोग्यांना एकच उपचार दिला असता तर काय झाले असते?
२. माझ्या विद्यार्थ्याच्या नातेवाइकाने ग्रंथ वाचला असता, तर त्याने कोणता सल्ला दिला असता?