सुकाणूची निगा : पश्चिम किनाऱ्यावरील लहान नौकांच्या इतिहासाचे एक अंग

नाशिकजवळील त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी एका लेखात त्याच्या दानधर्माची यादी आली आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर त्याने नावा ठेवून ‘पुण्यतर’ सुरू केले, म्हणजे प्रवाशांना विनामूल्य पैलतीरी नेण्याची सोय केली, असे त्या लेखावरून कळते. याच नद्यांच्या दोन्ही काठांवर त्याने विश्रांतिगृहे व पाणपोयाही उभारल्या होत्या. पारदा म्हणजे आजची पार आणि दमणा म्हणजे दमणगंगा. या दोन्ही नद्या नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीच्या रांगांत उगम पावतात व पश्चिमेस वाहत जाऊन अरबी समुद्रास मिळतात. गोदावरीच्या माहात्म्यामुळे नाशिकची ओळख पूर्ववाहिनी नदीशी जोडली गेली आहे; तथापि या लेखाची दृष्टी घाटाखालच्या खाड्यांकडे लागलेली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्याच लेण्यातील दुसऱ्या एका लेखात वर्ष ४२ चा निर्देश असून ३००० कार्षापणांच्या अक्षयनीवीची नोंद आहे. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २००० व दुसरीकडे १००० कार्षापण ठेव म्हणून दिले होते. मुद्दल अबाधित ठेवून केवळ व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर गरजांचा खर्च भागवावा, अशी ही योजना होती. दान एकदा दिले म्हणजे संपले असे नव्हे, ते चालू राहण्यासाठी कायमची तरतूद हवी, ही जाणीव त्या काळच्या नाशिक परिसरात पक्की रुजलेली होती. पुण्यतराच्या संदर्भात मात्र लेख केवळ नावांचा उल्लेख करून थांबतो. वस्तुतः तराची नाव ही सतत दुरुस्ती मागणारी वस्तू आहे. उतारूंकडून पैसा घ्यावयाचा नाही, तर फळ्या, दोर, वल्ही आणि नाव वळविण्याचे साधन यांचा खर्च कोठून तरी यावा लागतो. नौकानयनाच्या इतिहासात जहाजांची नावे, लढाया व माल यांना जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे या नित्याच्या खर्चाला व श्रमाला मिळालेले नाही. सुकाणूच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष जाणवते. कारण सुकाणूच्या रचनेत झालेला मोठा पालट हा त्याच्या निगेच्या पद्धतीतही झालेला पालट होता.

प्रथम शब्दांचा विचार करू. अमरकोशाच्या वारिवर्गात वल्ह्याला नौकादंड व क्षेपणी हे शब्द दिले असून, अरित्र व केनिपातक हे पर्याय त्यांच्यापासून वेगळे ठेवले आहेत. अरित्र हा शब्द वैदिक असून त्याचा मूळ अर्थ वल्हे असाच आहे. वल्ह्याचेच नाव पुढे नाव वळविण्याच्या साधनाला लाभले, यावरून आरंभी ही दोन साधने एकाच जातीची होती असे अनुमान निघते. संस्कृतात याच साधनाला ‘कर्ण’ असाही शब्द आहे व त्यावरून ‘कर्णधार’ हा शब्द सिद्ध झाला. डोक्याच्या बाजूला जसा कान, तसे नावेच्या मागील भागी बाजूस बांधलेले रुंद पात्याचे वल्हे, ही कल्पना या शब्दात असणे शक्य आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील प्रसिद्ध नौकाचित्रात तीन शिडांच्या जहाजाच्या मागील बाजूस अशीच वल्ही दाखविली आहेत.

मराठीतील ‘सुकाणू’ हा शब्द या परंपरेतला नाही. तो अरबी ‘सुक्कान’ या शब्दावरून आला आहे. गुजरातीत तो ‘सुकान’ या रूपाने नांदतो. सुकाणू धरणाऱ्या खलाशाला फारसी वळणाचा ‘सुक्कानी’ हा शब्द होता. इंग्रजांच्या जहाजांवर त्याचाच अपभ्रंश होऊन ‘सीकनी’ असे रूप रूढ झाले. नाखवा हा फारसी ‘नाखुदा’पासून, सारंग हा फारसी ‘सरहंग’पासून व खलाशी हा अरबीपासून आलेला, म्हणजे किनाऱ्यावरील जहाजी शब्दसंग्रहाचा मोठा थर पश्चिम समुद्रातील व्यापाराने आणून ठेवला आहे. तथापि शब्द आला म्हणून त्याच्याबरोबर नवे यंत्रही आले, असा तर्क घाईचा ठरेल. अरबी शब्दाचे मूळ आरामाईकमार्गे अक्कदी भाषेतील ‘सिक्कान्नु’पर्यंत जाते आणि त्या प्राचीन काळी त्याचा अर्थ बाजूचे सुकाणू-वल्हे असाच होता. वस्तू पालटली तरी शब्द टिकतो. म्हणून शब्दाची साक्ष चित्रे व प्रवासवृत्ते यांच्याशी ताडून पाहावी लागते.

ती साक्ष पुढीलप्रमाणे आहे. चीनमध्ये ग्वांगजौ येथील हान राजवटीच्या काळातील थडग्यातून मिळालेल्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील मातीच्या नौकाप्रतिकृतीत सुकाणू नौकेच्या मागे मधोमध आहे. इ.स. ९८५ च्या सुमारास लिहिणाऱ्या अल्-मुकद्दसी या अरब भूगोलकाराने तांबड्या समुद्रातील जहाजांवर दोन दोरांनी ओढून सुकाणू वळविण्याच्या पद्धतीचे वर्णन केले आहे. अल्-वासिती याने १२३७ मध्ये चितारलेल्या हस्तलिखितातील जहाजाला मागे मधोमध टांगलेले सुकाणू स्पष्ट दिसते. युरोपात इंग्लंडमधील विंचेस्टर व बेल्जममधील झेडेलगेम येथील चर्चमधल्या दगडी कुंडांवर, सुमारे ११८० च्या शिल्पांत, तेच आढळते. हिंदुस्थानच्या किनाऱ्याविषयी मोन्तेकोर्व्हिनो येथील जॉन या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे तेराव्या शतकाच्या अखेरचे पत्र महत्त्वाचे आहे. येथील जहाजे खिळ्यांवाचून शिवलेली असतात आणि त्यांच्या मागे मधोमध हातभर रुंदीचे, मेजाच्या फळीसारखे एकच कमकुवत सुकाणू असते, अशा आशयाचे वर्णन त्याने केले आहे. परक्या प्रवाशाची नापसंती वजा केली तरी, बाजूच्या वल्ह्याची जागा येथे मधल्या सुकाणूने घेतली होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

या पालटाचा निगेशी असलेला संबंध आता पाहता येईल. सुकाणू-वल्हे दोराने बांधलेले असते. दोर कुजला तर नवा बांधावा, पाते तडकले तर वल्हे आत ओढून फळी ठोकावी. हे काम चालत्या नावेवर कोणीही जाणता खलाशी करू शकतो. मधले सुकाणू शिवलेल्या नौकेवर होते तोपर्यंत तेही दोरानेच धरलेले असणार. परंतु खिळ्यांनी जोडलेल्या नौकेवर ते लोखंडी खुंटी व कडी यांच्या जोडणीने टांगले जाऊ लागले. पात्याच्या पुढील कडेला खाली वळलेल्या खुंट्या आणि नौकेच्या मागील खांबाला कड्या, अशी ही नर-मादीची रचना असते. तिच्यामुळे सुकाणू अधिक मोठे, खोल व बळकट करता आले. पण त्याबरोबरच त्याची दुरुस्ती नावेवरून उतरून किनाऱ्यावर आली. तिला लोहार लागला, सुतार लागला आणि नौका कोरड्यावर ओढण्यास जागा व वेळ लागला. खिळ्यांच्या नौकेवरील सुकाणूमागे अशा रीतीने किनाऱ्यावरचे एक लहानसे कारागीर-जगत उभे आहे.

जुन्या लहान शिडाच्या नौकेवर, मग तो मचवा असो वा पडाव, हे सुकाणू कसे झिजते ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक लाटेबरोबर पाते किंचित डावी-उजवीकडे हलते. त्यामुळे खुंटी बारीक होते, कडीचे गोल भोक लांबट होते आणि जोडणी खडखडू लागते. ढिलेपणा वाढला की प्रत्येक हिसका जोडणीच्या खिळ्यांवर बसतो. खिळा सैल होताच त्याच्या कडेने पाणी लाकडात शिरते आणि लाकूड आतून कुजू लागते. वरून रंग शाबूत असल्याने ही कूज डोळ्यांना दिसत नाही. हातोडीने ठोकून आवाज ऐकावा लागतो किंवा टोच्या खुपसून पाहावे लागते. पाते एकाहून अधिक फळ्या आडव्या खिळ्यांनी जोडून केलेले असते, म्हणून हे खिळे गंजले की फळ्यांचे सांधे उघडतात. उथळ पाण्यात सुकाणू तळाला टेकले तर ते वर उचलले जाऊन कड्यांतून निसटण्याचा धोका असतो. यास्तव ते वेगळ्या दोराने नौकेशी बांधून ठेवतात.

लाकडाचा दुसरा शत्रू म्हणजे जहाजकिडा. वस्तुतः हा किडा नसून शिंपल्याच्या वर्गातील मऊ शरीराचा प्राणी आहे. तो अतिशय लहान असताना सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून लाकडात शिरतो व आत वाढत बोगदे कोरतो. बाहेरून फळी धड दिसते आणि एके दिवशी हातात मोडून येते. सुकाणू नेहमी पाण्यात, त्यातही नौकेच्या तळापेक्षा अधिक खोल असल्याने त्याला हा धोका विशेष असतो. लाकूड पाण्याबाहेर काढून वाळविणे, गोड्या पाण्यात ठेवणे आणि चुना, तेल, राळ यांचा लेप देणे, हे यावरचे जुने उपाय होत. खारट पाण्यातील हा प्राणी गोड्या पाण्यात फार काळ तग धरत नाही. खाडीत वरच्या अंगाला नौका नेऊन ठेवण्यामागे केवळ आसऱ्याचा विचार नव्हता, असे म्हणण्यास यामुळे आधार मिळतो.

तिसरा प्रश्न धातूंचा. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांस चिकटून राहिले तर त्यांतील दुबळा धातू झपाट्याने खाल्ला जातो. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळास तांब्याचा पत्रा जडविला. १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा पत्र्याला लागलेले लोखंडी खिळे विरून गेल्याचे, आणि जेथे मध्ये कागद राहिला होता तेथील खिळे शाबूत असल्याचे आढळले. लोखंडी कडीत तांब्याची वा पितळेची खुंटी बसविणाऱ्या दुरुस्तीचा तोटा यावरून समजावा. येथील सागवानाचा गुण मात्र कारागिरांच्या बाजूने होता. त्यातील तेलामुळे त्यात ठोकलेले लोखंड बराच काळ टिकते, तर युरोपीय ओकमधील आम्ल लोखंड खाते.

या सागवानाच्या निमित्ताने नाशिकचा परिसर पुन्हा या इतिहासात येतो. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, कळवण व बागलाण या तालुक्यांना लागून असलेली डांगची जंगले सागासाठी प्रसिद्ध होती आणि १८४२ च्या सुमारास इंग्रजांनी मुख्यतः लाकडासाठीच त्यांचे पट्टे मिळविले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली सागवानी जहाजे किती टिकाऊ होती, याचे उदाहरण म्हणजे १८१७ साली तेथे बांधलेली ‘त्रिंकोमाली’; ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. अशा लाकडाच्या उपयोगाला मर्यादा असावी, हा विचार त्याआधी शतकभर मराठी राज्यव्यवहारात आला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१६ च्या सुमारास, आरमारासाठी सागासारखे लाकूड परवानगीने जंगलातून न्यावे. पण आंबा, फणस ही झाडे तोडू नयेत, कारण ती वाढण्यास वर्षे लागतात व रयतेने ती लेकरांसारखी जपलेली असतात, असा आदेश आहे. पावसाळ्यात दर्या खवळण्यापूर्वीच आरमार किल्ल्याच्या आश्रयाने छावणीस लावावे, हीही शिस्त त्याच ग्रंथात सांगितली आहे. ही छावणी म्हणजे दुरुस्तीचा हंगाम. सुकाणू काढून छपराखाली ठेवण्याचा, कड्या पाहण्याचा व फळ्या बदलण्याचा काळ तोच. नारळी पौर्णिमेला नौका पुन्हा पाण्यात जाते तेव्हा त्यामागे दोन-अडीच महिन्यांचे हे अबोल काम असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मासेमारी नौकांवर यंत्रे बसली. सुकाणूपुढे पंखा आला, लाकडी पात्याची जागा पुष्कळ ठिकाणी लोखंडी पत्र्याने घेतली, आणि शिडाबरोबर जुन्या जोडणीची गरजही ओसरली. याच्या उलट दिशेचा एक प्रयत्न अलीकडे झाला आहे. अजिंठ्याच्या चित्रावरून पाचव्या शतकातील नौकेच्या धर्तीवर गोव्यात शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’ ही नौका मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली. तिला आधुनिक सुकाणू नसून सुकाणू-वल्ही आहेत. तिची निगा राखणाऱ्यांना दोर, लाकूड व लेप यांचे जुने ज्ञान नव्याने मिळवावे लागणार आहे. चित्रात वल्ह्याचा आकार दिसतो. ते किती दिवसांनी बाहेर काढावे, दोर केव्हा बदलावा, हे चित्र सांगत नाही.

भाषेतही हेच घडले आहे. कर्णधार हा शब्द आता क्रिकेटच्या संघाला लागतो आणि सुकाणू हे राज्याचे वा संस्थेचे असते. ‘सुकाणू समिती’ तर सरकारी परिभाषेत स्थिरावली आहे. या सर्व प्रयोगांत सुकाणू ‘हाती घेणे’ एवढीच क्रिया उरली आहे. ते काढणे, वाळविणे, कडी बदलणे, लेप देणे या क्रियांचे शब्द रूपकात आले नाहीत, आणि किनाऱ्यावरच्या बोलींतूनही ते शिडाबरोबर मावळत आहेत. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे वृद्ध तांडेल, सुतार व लोहार यांच्याकडून सुकाणूच्या प्रत्येक भागाचे व प्रत्येक दुरुस्तीचे नाव गावनिहाय नोंदवून घेणे, हे भाषाशास्त्र व इतिहास या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांपुढील तातडीचे काम आहे. उषवदाताच्या लेखातील सहा नद्यांच्या मुखांपासून त्याचा आरंभ करता येईल. तेथे मराठी, गुजराती व किनाऱ्यावरील बोली यांची सरमिसळ असल्याने एकाच खुंटीची तीन-तीन नावे हाती लागण्याचा संभव आहे.