भारलाघव आणि वेग : पोर्शे ९११ कॅरेरा आर. एस. (१९७२–७३)

संस्कृतातील 'लघु' या शब्दाचे जुने रूप 'रघु' असे वैदिक वाङ्मयात आढळते. तेथे त्याचा अर्थ केवळ 'हलका' असा नसून 'शीघ्रगामी' असाही आहे. जर्मन 'लाइश्ट', इंग्रजी 'लाइट' आणि इटालियन 'लेज्जेरो' हे शब्द याच प्राचीन कुळातील होत. यावरून भार आणि गती यांचा संबंध यंत्रयुगाच्या कितीतरी आधी मानवाच्या ध्यानी आला होता, हे उघड आहे. मराठीत मात्र या शब्दाने एक चमत्कारिक वळण घेतले. प्राकृतात वर्णविपर्यय होऊन 'लहुअ'चे 'हलुअ' झाले, आणि त्या परंपरेतून आपल्याकडे 'हलका' व 'हळू' असे दोन शब्द आले. एकाच मुळातून शीघ्रता आणि संथपणा असे दोन्ही अर्थ निघाले. तेव्हा हलकेपणा म्हणजे वेग हे समीकरण गृहीत न धरता तपासून पाहणे बरे. त्यासाठी रस्त्यावर चालविण्याच्या एका विख्यात मोटारगाडीचे उदाहरण येथे घेतले आहे.

स्टुटगार्टच्या पोर्शे कारखान्याने १९६३ साली फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात जी गाडी प्रथम मांडली, ती पुढे '९११' या नावाने प्रसिद्धीस आली. १९७२ साली या कारखान्यास शर्यतीसाठी नवी गाडी हवी होती. परंतु शर्यतींच्या नियमांनुसार चौथ्या गटात प्रवेश मिळविण्यास त्या प्रकारच्या ५०० गाड्या बांधणे आवश्यक होते. म्हणजे शर्यतीची गाडी सिद्ध करावयाची, तर आधी रस्त्यावरची गाडी विकावयास हवी. इतकी उघडीबोडकी गाडी ५०० गिऱ्हाइके घेतील काय, याविषयी कारखान्याच्या विक्रीखात्यास शंका होती. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ही गाडी मांडण्यात आली आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी ५०० गाड्यांची विक्री झाली. जुलै १९७३ पर्यंत एकूण संख्या १,५८० झाली.

'कॅरेरा' हा शब्द स्पॅनिश असून त्याचा अर्थ शर्यत. 'आर. एस.' ही अक्षरे 'रेनश्पोर्ट', म्हणजे शर्यतीचा क्रीडाप्रकार, या जर्मन शब्दाची होत. कॅरेरा या शब्दाचे मूळ लॅटिन 'कार्रुस', म्हणजे गाडा, या शब्दात आहे. इंग्रजी 'कार' हा शब्दही त्याच मुळाचा. नावात गाडा होता, परंतु कारखान्याचा सारा प्रयत्न गाड्याचा भार उतरविण्याचा होता.

हा भार कसा उतरविला, ते पाहण्यासारखे आहे. कोणताही एक मोठा अवयव काढून तो उतरलेला नाही. पत्रा पातळ घेतला, काच पातळ घेतली, काही भाग प्लॅस्टिकचे केले. मागील आसने, दारावरचे हात टेकण्याचे आधार, जाड गालिचे, ध्वनिरोधक थर आणि घड्याळ ही सर्व गेली. दार उघडण्यास आतून चामडी पट्टा लावला. पुढील बाजूचे धातूचे मानचिन्ह काढून त्या जागी चिकटवावयाचे चित्र आले. यांपैकी कोणतीही एक गोष्ट घेतली तर तिचे वजन क्षुल्लक वाटेल, परंतु बेरीज क्षुल्लक नव्हती. उलट, गाडीच्या मागील झाकणावर बदकाच्या शेपटासारखा एक उंचवटा मुद्दाम बसविला. वेगात वाऱ्यामुळे मागची चाके उचलली जाऊ लागत, ती जमिनीस धरून राहावीत हा त्याचा हेतू. तात्पर्य, येथे वजन कमी करणे हे साध्य नसून साधन होते. जेथे थोडे वजन देऊन स्थैर्य मिळत होते, तेथे ते दिले गेले.

आता आकडे पाहू. या गाडीचे दोन प्रकार होते. क्रीडाप्रकाराचे वजन ९६० किलोग्रॅम, तर प्रवासी प्रकाराचे १,०७५ किलोग्रॅम. एंजिन दोहोंत तेच, २,६८७ घन सेंटिमीटरचे आणि २१० अश्वशक्तीचे. म्हणून तुलना शुद्ध ठरते. एका अश्वशक्तीवर पडणारा भार प्रवासी प्रकारात ५.१२ किलोग्रॅम, तर क्रीडाप्रकारात ४.५७ किलोग्रॅम. स्थिर अवस्थेतून ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्यास पहिलीस ६.३ सेकंद लागत, तर दुसरीस ५.८. म्हणजे वजन सुमारे ११ टक्क्यांनी घटले आणि वेळ सुमारे ८ टक्क्यांनी. परंतु कमाल वेगात, ताशी २४० आणि २४५ किलोमीटर, असा अल्पच भेद राहिला. याचे कारण स्पष्ट आहे. वेग वाढविताना वस्तुमानाचा अडसर असतो, परंतु कमाल वेगाशी मुख्य झुंज वाऱ्याच्या विरोधाशी असते, आणि तो विरोध गाडीच्या वजनावर अवलंबून नसतो. हलकेपणाचा लाभ वेग घेताना, गाडी थांबविताना आणि वळण घेताना होतो. सरळ रस्त्यावरील अंतिम वेगास त्याचा उपयोग थोडा.

येथवर विषय यंत्रशास्त्राचा झाला. इतिहासाचा प्रश्न यापुढे उपस्थित होतो. नियमानुसार वजनाची नोंद व्हावी म्हणून गाड्या प्रथम अत्यंत हलक्या स्वरूपात सिद्ध करून तोलल्या जात, आणि नंतर कारखान्यात परत आणून त्यांत गिऱ्हाइकाच्या इच्छेनुसार साजसामान बसविले जाई. त्या मूळ हलक्या स्वरूपात केवळ १७ गाड्या राहिल्या. २०० गिऱ्हाइकांनी क्रीडाप्रकार घेतला, ५५ गाड्या शर्यतीसाठी बांधल्या गेल्या, आणि उरलेल्या १,३०८ गाड्या प्रवासी प्रकारच्या होत्या. म्हणजे हलकेपणासाठी विख्यात झालेल्या या गाडीच्या बहुसंख्य गिऱ्हाइकांनी काढलेले वजन पैसे देऊन परत घेतले. नोंदवहीतील वजन आणि रस्त्यावरचे वजन या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या संशोधकाने केवळ नोंदवही पाहिली, त्यास या गाडीचा खरा इतिहास कळणार नाही.

पुढे मूल्यांचा क्रम उलटला. दुर्मिळतेमुळे क्रीडाप्रकाराची किंमत वाढली आणि घड्याळाचा अभाव हेच भूषण ठरले. येथे व्याकरणातील एक भेद उपयोगी पडतो. पाणिनीय परंपरेत 'लोप' म्हणजे निव्वळ नसणे नव्हे. जे तेथे असावयास हवे, त्याचे नियमाने न दिसणे म्हणजे लोप, आणि लुप्त झालेल्या प्रत्ययाचे कार्य मागे राहू शकते. १९७३ साली कारखान्याने न बसविलेले घड्याळ हा या अर्थाने लोप होय. कारण त्या अभावाचे कार्य ९६० या आकड्यात शिल्लक आहे. नंतरच्या मालकाने काढून टाकलेले घड्याळ हा केवळ अभाव. डोळ्यांना दोन्ही रिकाम्या जागा सारख्याच दिसतात. त्यांतील भेद कारखान्याच्या कागदपत्रांवरून आणि सांगाड्याच्या क्रमांकावरूनच ठरतो.

वस्तूंच्या इतिहासात आपण सहसा जे उरले आहे त्यावरून अनुमान करतो. प्रस्तुत उदाहरणात जे नाही त्यावरून अनुमान करावे लागते, आणि तसे करताना 'ते कोणी काढले, केव्हा काढले आणि कशासाठी काढले' हे तीन प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही. हस्तलिखितातील गळलेल्या ओळीविषयी आपण हेच प्रश्न विचारतो.