कॅम्परवाहू पिकअपचे सस्पेन्शन

पिकअप ट्रकच्या हौद्यात कॅम्पर, म्हणजे झोपण्या-रांधण्याची सोय असलेली सुटी खोली, चढवल्यावर गाडीची मागची बाजू दबू नये आणि गाडी डोलू नये म्हणून केलेले बदल. ही रीत मुख्यतः अमेरिका व कॅनडातली. या बदलांनी गाडीची चाल सुधारते, वहनक्षमता मात्र वाढत नाही. या दोन गोष्टींची गल्लत हाच या विषयातला मोठा धोका. क्षमता कारखान्यात ठरते. भरल्या गाडीचे कमाल वजन आणि प्रत्येक आसाची मर्यादा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेली असते. आस, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक, चासी या सगळ्यांचा विचार त्या आकड्यांमागे असतो. पाटे (लीफ स्प्रिंग) हा त्यांच्या जोडीचा फक्त एक घटक.

हलका, घडीच्या छताचा कॅम्पर ५०० ते ७०० किलोंचा असतो. मोठा कॅम्पर पाणी व सामानासह २,००० किलोंच्या पुढे जातो. माहितीपत्रकातले वजन बहुधा कोरडे असते, आणि १५० लिटर पाणी म्हणजे आणखी १५० किलो. हे ओझे उंच असते व जवळजवळ सगळे मागच्या आसावर पडते. म्हणून कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या किंचित पुढे यावा लागतो. तो मागे गेला तर पुढची चाके हलकी होऊन स्टीअरिंगची पकड सुटते. वळणावरचा झोल जाड अँटी-रोल बारने आवरतो, खड्ड्यानंतरची उसळी चांगल्या शॉक ॲब्सॉर्बरने, आणि बसलेली मागची बाजू जादा पाट्याने किंवा एअरबॅगने, म्हणजे आस व चासी यांमधल्या हवेच्या पिशवीने, उचलली जाते. एअरबॅग सोयीची खरी, कारण कॅम्पर उतरवल्यावर हवा कमी करता येते. पण पाटा आपला भार चासीवर दोन टोकांना देतो, तर एअरबॅग आसाच्या वर एकाच जागी. कॅम्पर मागे बराच बाहेर निघालेला असेल, तर तिथे चासी वाकू शकते.

पट्टीवरच्या मर्यादा पाळण्यावर एक आक्षेप बिनतोड वाटतो: अमेरिकेतल्या अनेक ‘पाऊण टनी’ ट्रकांचे कमाल वजन १०,००० पौंड (सुमारे ४,५३६ किलो) लिहिलेले असते ते वाहनवर्गाच्या सीमेमुळे, तोच आस त्याहून भारी मॉडेललाही असतो, मग आकडा कशाला मानायचा? आक्षेपात तथ्य आहे, पण त्याने एकूण वजनाचा आकडा सैल ठरतो, टायर व रिम यांच्या मर्यादा नव्हे. दुसरा युक्तिवाद, गाडी आता सपाट उभी राहते म्हणजे सारे ठीक, हा निव्वळ दृष्टिभ्रम: एअरबॅगमध्ये हवा भरल्याने आसावरचे वजन किलोभरही घटत नाही. म्हणून सामान, पाणी व माणसांसह भरलेली गाडी आधी काट्यावर न्यावी, प्रत्येक आसाचे वजन वेगळे घ्यावे आणि मगच सुटे भाग निवडावेत. मागचा आस किंवा टायर मर्यादेबाहेर गेले असतील, तर हलका कॅम्पर किंवा मागे चार चाकांचा भारी ट्रक हेच मुख्य पर्याय उरतात.