कातीव

नाक सरळ, रेखीव असलं की आपण 'कातीव' म्हणतो. हे विशेषण कातार्‍याच्या हातून आलं आहे. कातारी म्हणजे लाकूड लेथवर फिरवून पाळण्याचे खांब, लाटणी, भोवरे घडवणारा कारागीर. त्याचं काम ते कातणं, आणि चरख्यावर सूत काढणं तेही कातणंच.

हे कसं झालं? संस्कृतात 'कृत्' धातू दोन आहेत. एक 'कृन्तति', म्हणजे कापतो. दुसरा 'कृणत्ति', म्हणजे काततो, वेढे देतो. कात्री आणि कातरणं पहिल्या घरातले, सूतकताई दुसर्‍या. मला लोभ आहे तो लाकडाच्या कातण्याचा, कारण तिथे दोन्ही अर्थ एकाच जागी नांदतात. जुन्या पद्धतीत साल काढलेला ओंडका दोन टोकांत अडकवून त्याला दोरीचे वेढे देत. जोडीदार दोरी मागेपुढे ओढी, कातारी पटाशी टेकवी. ओंडका आपल्याकडे फिरला की धार लागे, उलटा फिरला की पटाशी मागे. ओबडधोबड कडा आधी ठेचकाळत, मग लाकूड गोल होई आणि लांब, पातळ कुरळे ढलपे निघू लागत.

रंगही त्याच फिरत्या लाकडावर चढतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि केवड्याच्या जातीच्या पानाने घासली की तिला झळाळी येते.