गाजरगवत खाणारा भुंगा

माकुणसारच्या मागच्या बैठकीत एका ताईने आपले हात दाखवले. कोपरापर्यंत लाल, खरखरीत, रात्रभर खाज. बांधावरचं गाजरगवत तिने उघड्या हातांनी उपटलं होतं. म्हणून आज त्या गवताची आणि त्याला खाणाऱ्या भुंग्याची हकिकत.

आपल्या आज्या लहान असताना हे गवत ओळखत नव्हत्या. ते मूळचं अमेरिकेकडचं. 1955 च्या सुमारास पुण्यात उकिरड्यांवर ते नजरेस आलं. परदेशी गव्हासोबत आलं, म्हणून काँग्रेस गवत, असं लोक सांगतात. मग रस्त्यांच्या, रुळांच्या कडेने ते देशभर गेलं. 1974 मध्ये पुण्याच्या डॉ. लोणकरांनी दोन परदेशी डॉक्टरांसोबत, यामुळे होणाऱ्या त्वचारोगावर लेख लिहिला. म्हणजे आपल्या ताईची खाज नवी नाही.

यामागे पार्थेनिन नावाचं कडू रसायन आहे. ते या गवताचं चिलखतच. गुरं सहसा तोंड लावत नाहीत. खाल्लंच तर दूध कडवट लागतं.

पण मेक्सिकोत एक भुंगा हेच कडू पान खाऊन जगतो. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने तो 1983 मध्ये आणला, इथल्या पिकांवर तपासला आणि 1984 मध्ये सोडला. नाव झायगोग्रामा. तांदळाच्या दाण्याएवढा, पिवळट पांढरा, पाठीवर तपकिरी रेघा. त्याच्या अळ्याही तेच पान खातात.

पुढे कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला आणि शेतकरी हबकले. त्यांना कुणी हसू नये. हंगाम त्यांचा होता. चौकशी समिती नेमली गेली. के. पी. जयंत आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवलं, की गाजरगवताचे पराग उडून सूर्यफुलाच्या पानावर पडले, की भुंगा ते पान कुरतडतो. त्याचं खरं अन्न गाजरगवतच.

हा भुंगा पावसाळ्यात कामाला लागतो आणि कोरड्या दिवसांत मातीत दडून बसतो. त्यामुळे सगळं त्याच्यावर सोडून चालत नाही. घराजवळचं, वाटेवरचं गवत फुलोऱ्याआधी, ओल्या मातीतून, मुळासकट उपटायचं. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायची. दूरच्या पडीक जागेत पानांची चाळण झालेली दिसली, तर तिथे औषध फवारू नका. पान उलटून बघा, रेघांचा भुंगा तिथेच असेल.